टाचांवर उभ्या राहा

११ जानेवारी १९७२, मंगळवार

डॉक्टर पोम्पेई म्हणाले, "रोज थोडं लिहीत जा, नाझारेना. मनात साचलेलं कागदावर उतरलं की नसा शांत होतात."

म्हणून लिहिते. साचलेलं पहिलं वाक्य हेच: डॉक्टर पोम्पेई गाढव आहेत.

मी सांगायला गेले होते की तीन आठवडे झाले, माझे तळवे झोपलेत. फरशीवर पाय टाकला तर मध्ये जाड नमद्याचा थर असल्यासारखं वाटतं. त्यांनी माझे बूटसुद्धा काढायला लावले नाहीत. विचारलं काय, तर झोप लागते का, नवरा नीट वागतो का, मूल नाही याचं वाईट वाटतं का. शेवटी गोड थेंबांचं औषध लिहून पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "नसांचा त्रास आहे." आमच्या गावात नसांचा त्रास म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. बाई डोक्याने हलकी आहे, तिच्या नादी लागू नका.

एकोणचाळीस वर्षांची आहे मी. बाराव्या वर्षापासून बुटांचं वरचं चामडं करते. डोळे मिटून नुसत्या बोटाने सांगते, वासराचं की बकरीचं. आणि माझ्या नसा हा माणूस गोड थेंबांनी शांत करणार!

१५ जानेवारी

पाव आणायला घरातल्या सपाता घालूनच गेले. परत आले तर सेतिमियो म्हणतो, "एक पाय कुठे ठेवून आलीस?" खाली बघते तर डाव्या पायात नुसता मोजा, तोही चिंब. सपात चौकाच्या पायऱ्यांवर पडली असणार. तिथून घरापर्यंत बर्फातून आले आणि मला पत्ता नाही.

माझा नवरा खोऱ्याची बस चालवतो, दिवसभर लोकांचे विनोद ऐकतो आणि संध्याकाळी घरी आणून माझ्यावर खपवतो. हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मी ती दुसरी सपात त्याला फेकून मारली. लागली नाही. नेम चुकत नाही माझा कधी.

२४ जानेवारी, सोमवार

आज एल्विरावर आग पाखडली. लिहून ठेवते, कारण पश्चात्ताप झालेला नाही.

एल्विरा म्हणजे माझ्या भावाची बायको. ओरेस्ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. घराखालच्या गॅरेजमध्ये त्याने कारखाना काढला तेव्हा पहिली कामकरीण मीच. आता आम्ही सात जणी आहोत. चौघी शिलाईच्या मशिनीवर, आणि मी, इओले, दीर्चे अशा तिघी सोल्यूशनच्या टेबलावर. चामड्याच्या कडेला ब्रशने चिकटवायचं सोल्यूशन लावायचं, वाळत आलं की कड दुमडायची, बोटाने दाबायची. जुन्या सोल्यूशनमध्ये बेंझिन होतं, रक्त खराब करायचं. सप्टेंबरात ओरेस्तेने नवं आणलं. पिंपावर छापलंयच, 'बेंझिनविरहित'. ते झटकन वाळतं, वासही जुन्यासारखा नाकात घुसत नाही, गोडसर आहे. थंड हवा लागली तर पांढरं पडतं आणि पकड सोडतं, म्हणून हिवाळाभर खिडक्या बंद. दुपारपर्यंत डोकं इतकं हलकं होतं की इओले शिंकली तरी आम्ही खिदळतो. मग संध्याकाळी डोकं ठणकतं आणि जेवण नको होतं.

तर एल्विराही आमच्याच टेबलावर होती. नोव्हेंबरात बाईसाहेब उठल्या आणि वरच्या मजल्यावर खोकी भरायला जाऊन बसल्या. आज खाली आली आणि उंबऱ्यावर उभी राहून मला म्हणते, "जरा बाहेर हवेवर जात जा गं मधूनमधून."

मी म्हटलं, "मालकीणबाईंना वेळ असतो हवा खायला. आमची बोटं चिकटलेली असतात."

तिचा चेहरा पडला. काहीतरी बोलणार होती, पण ओरेस्ते मागून आला आणि ती वर निघून गेली.

२ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. चर्चच्या पायऱ्या उतरताना उजवा पाय उचललाच गेला नाही. बोटं पायरीला अडकली आणि पेटत्या मेणबत्तीसकट मी सगळ्या गावापुढे तोंडावर आपटले. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच घेतली वाटतं." कोण ते कळलं असतं तर मेणबत्ती त्याच्या मिशीला लावली असती.

ओरेस्तेने उचललं. घरापर्यंत सोडलं. "आठवडाभर आराम कर, पगार कापणार नाही," म्हणाला. माझा भाऊ कधी कुणाला एक दिवसाची सूट देत नाही. रडूच आलं मला. रक्ताचं माणूस ते रक्ताचंच.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

सेतिमियो सांगत होता, काल दीर्चेला बसची पायरी चढता येईना. दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला वर ओढलं तिने. बावीस वर्षांची मुलगी! जूनमध्ये लग्न आहे, पांढऱ्या झग्यासाठी उपाशी राहते.

आज टेबलावर मी तिला म्हटलं, "जरा मक्याची पोलेंता खात जा, नाहीतर नवऱ्याला तुला खांद्यावर टाकून न्यावं लागेल."

ती ब्रश ठेवून रडायला लागली. "मी खातेय, नाझारेना. आई दोनदा वाढते. तरी माझे पाय पातळ होतायत."

"मग नाचायला जाऊ नकोस इतकी," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. सगळ्यांचा रागच येतो हल्ली.

३ मार्च

इओलेच्या हातून कॉफीचा कप पडला. तिसरा. इओले विधवा आहे, साठीला आलेली, तिची जीभ दाभणासारखी. पण आज नुसती हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "एका टेबलावर तिघी. नजर लागलीय आपल्याला."

ताटलीत पाणी घेतलं, तेलाचे थेंब सोडले, मंत्र पुटपुटली. थेंब लगेच पसरले. नजरच! आम्ही तिघींनी मिळून ठरवलं की नजर एल्विराची. तिच्याशिवाय ह्या टेबलावरून उठून कोण गेलंय?

तरी रात्रभर विचार करून सेतिमियोला म्हटलं, मला अँकोनाला ने. मोठ्या हॉस्पिटलात. हसलास तर एकटी जाईन.

तो हसला नाही. त्याचीच भीती वाटली.

१४ मार्च, मंगळवार

सगळं लिहायचं आहे, बोटं दुखली तरी.

डॉक्टर बाई निघाली. दोत्तोरेस्सा बेनुस्सी, त्रिएस्तेकडची, पन्नाशीची, केस पुरुषासारखे कापलेले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बूट काढा. मोजेही." इतक्या महिन्यांत माझे पाय बघणारी पहिली बाई. रबरी हातोडीने गुडघ्याखाली ठोकलं, पाय जरासा उडाला. टाचेच्या वरच्या शिरेवर ठोकलं, काहीच नाही. पुन्हा ठोकलं. लाकूड.

"हे उत्तर डोकं देत नसतं," ती म्हणाली. "पायाकडून निरोप जातो, पाठीच्या कण्यातच निकाल लागतो आणि हुकूम परत येतो. डोक्याला नंतर कळतं. म्हणजे तुमचं मन शांत आहे की पेटलंय याचा इथे काडीचा संबंध नाही."

"माझ्या डॉक्टरांना लिहून द्याल का हे?"

"देईन. आता म्हणा, टाचांवर उभ्या राहा. पुढचे पंजे वर उचलायचे."

मला जमेना. पोरंसुद्धा खेळताना करतात ते! मी टेबल धरलं, दात-ओठ खाल्ले, पंजे जमिनीला चिकटलेलेच.

मग आडवी केली. गुडघ्यामागे विजेचा झटका दिला. पाय उडाला आणि काचेच्या पडद्यावर हिरवी रेघ उसळली. मग घोट्याजवळ झटका. पुन्हा रेघ. तिने फूटपट्टीने माझ्या पायावरचं अंतर मोजलं, कागदावर भागाकार केला.

"सेकंदाला पंचेचाळीस-पन्नास मीटर जायला हवा निरोप. तुमचा एकोणतीस जातो. आणि जातो तोही कुजबुजत."

मी विचारलं, नस म्हणजे तार का? ती म्हणाली, तार कुठली, जिवंत पेशी आहे ती. कमरेच्या वर, कण्यात तिचं शरीर, इतकंसं, डोळ्यांना न दिसणारं. आणि त्यातून निघालेला एकच धागा थेट पायाच्या पंजापर्यंत, हातभर नव्हे, मीटरभर. त्या धाग्यावर पातळ वेष्टण, मधूनमधून उघडं ठेवलेलं. निरोप सरपटत येत नाही, एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर उड्या मारत येतो. धाग्याच्या टोकाला मात्र वीज थांबते. तिथे एक फट असते, आणि टोकातून औषधाचा थेंब झिरपावा तसं काहीतरी सुटतं, ते पलीकडच्या स्नायूला पोचलं की स्नायू आवळतो. हे सगळं तुम्ही 'पाऊल टाकू' म्हणायच्या आत.

"मग माझं बिघडलं कुठे?"

"त्या धाग्याला खायला लागतं. सगळा शिधा वरून, पेशीच्या शरीरातून येतो, धाग्याच्या आतल्या वाटेने. ती वाट तुंबली तर आधी कोण उपाशी मरेल?"

मला विचार करावा लागला नाही. ऑगस्टमध्ये आमच्या गावात नळाचं पाणी कमी होतं तेव्हा टाकीजवळच्या घरांना काही कळतही नाही. उतारावरच्या शेवटच्या घराचा नळ आधी कोरडा पडतो. त्या घरात मी जन्मले.

"शेवटचं घर," मी म्हटलं.

"बरोबर. सगळ्यांत लांब धागे पायांचे. मग हातांचे. मला सांगा, वाट कशाने तुंबली? दारू पिता?"

"जेवताना अर्धा पेला."

तिने माझा स्वेटर खुर्चीवरून उचलला आणि नाकाला लावला. कपडे धुवायला घेताना हुंगतात तसा. मग माझ्याकडे बघितलं.

"काय काम करता तुम्ही?"

मी सांगितलं. बंद खिडक्यांचंही. बेंझिन नाहीये, पिंपावर लिहिलंय, हेही.

"बेंझिन नाही, मग काय आहे?" ती म्हणाली. "बेंझिन काढलं म्हणजे त्याच्या जागी देवाचं तीर्थ घातलं असं नाही. नक्की कुठला पदार्थ ते मी आज सांगू शकत नाही. पण असे पाय घेऊन माझ्याकडे आलेल्या तुम्ही सहाव्या आहात, आणि सहाही जण बुटांच्याच कामातले. उद्यापासून त्या टेबलाला शिवायचं नाही. त्या टेबलावरून उठून बरं झालेलं कुणी आहे का?"

मी म्हटलं, नाही.

परतीच्या बसमध्ये निम्मी वाट संपल्यावर आठवलं. आहे.

१५ मार्च

सकाळी सातला ओरेस्तेच्या दारात गेले. तो कॉफी पीत होता, एल्विरा ओट्यापाशी.

"नोव्हेंबरात हिला टेबलावरून का उठवलंस?"

"आधी बस तर खरं."

"बसले की उठता येत नाही मला. का उठवलंस?"

त्याने कप खाली ठेवला. "तिच्या पायांना मुंग्या यायच्या. म्हटलं दमली असेल."

"आणि वर गेल्यावर बरी झाली."

"झाली."

"आणि तिच्या जागेवर तू दीर्चेला बसवलंस."

तो ओरडायला लागला. पिंपवाल्याने कागद दाखवलाय, सरकारी शिक्का आहे, सगळं खोरं तेच वापरतं, मग बाकीच्यांना का होत नाही, जर्मनीची ऑर्डर मेपर्यंत द्यायची आहे, सात घरांची चूल ह्या गॅरेजवर पेटते. मग एकदम आवाज खाली आणून, लहानपणी वडिलांच्या मारापासून मला वाचवायचा त्या आवाजात: "तू काम सोड. मी तुला घरी बसून पैसे देतो. फक्त त्या दोघींना काही सांगू नकोस. घाबरतील."

फेब्रुवारीतली सूट तेव्हा कळली मला. रक्ताचं माणूस! मी रडले होते त्यावर, ह्याच वहीत लिहिलंय. पान फाडणार होते. नाही फाडत. राहू दे माझा मूर्खपणा तारखेसकट.

एल्विराने सगळा वेळ पाठ फिरवून एकच पातेलं घासलं. मी तिला म्हटलं, "तू सांगायला आली होतीस. अर्धंच सांगितलंस."

तिथून खाली गॅरेजमध्ये गेले आणि बाकीच्या सहाही जणींना सांगितलं.

२७ मार्च, सोमवार

कुणी काम सोडलेलं नाही. एकीनेही! दीर्चेची आई मला पावाच्या दुकानात गाठून म्हणाली, "स्वतःला जमत नाही म्हणून दुसऱ्यांच्या ताटात माती कालवतेस. लग्न तोंडावर आलंय माझ्या मुलीचं. आजारी मुलगी कोण घेतं?"

मी म्हटलं, "लंगडी घेतात का?"

ते म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

२० एप्रिल, गुरुवार

पाच आठवडे झाले सोल्यूशनच्या वाऱ्याला उभी नाही. आणि मी आणखी वाईट आहे.

पेन दोन बोटांत धरवत नाही, मुठीत धरून लिहिते. ब्लाउजची बटणं सेतिमियो लावतो. बस चालवायच्या त्या जाड बोटांनी, जीभ बाहेर काढून. काठीशिवाय संडासापर्यंतही जाता येत नाही.

गावाला तर सणच झालाय. डॉक्टर पोम्पेई घरी आले, न बोलावता. "बघितलंत ना? सोल्यूशन सोडलं तरी वाढतंच आहे. म्हणजे कारण सोल्यूशन नव्हे." आणि पुन्हा ते गोड थेंब. ओरेस्तेने मध्यस्थाकरवी निरोप पाठवला: परत ये, मनात काही ठेवत नाही.

तो मनात ठेवत नाही!

खरं लिहू? आज दुपारी मलाही वाटलं की मी चुकले. भावाचं नाव घालवलं, इओलेची मैत्री गमावली, आणि आजार कदाचित खरंच माझ्या डोक्यातला. एक तासभर मी तसं मानलं. वर्षातला सगळ्यांत घाणेरडा तास होता तो.

२६ एप्रिल

अँकोना. सेतिमियोने उचलून तीन जिने चढवली.

मी दोत्तोरेस्सावर ओरडले. वऱ्हांड्यातल्या नर्सेस डोकावल्या. "सोडायला सांगितलंत, सोडलं. आता हातही गेले. कुणावर विश्वास ठेवायचा मी?"

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे आधीच सांगायला हवं होतं मी. सांगितलं नाही. माझी चूक."

आजवर कुठल्या डॉक्टरच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. माझा राग मध्येच अडखळला, पायासारखा.

ती म्हणाली, असंच होतं. विष थांबलं तरी ज्या धाग्यांची वाट आधीच तुंबलीय ते टोकाकडून मरत राहतात, दोन-तीन महिने. मग थांबतं. मग पेशी पुन्हा धागा वाढवायला घेते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

"एक मिलिमीटर!"

"तेही सगळे धागे नाहीत. वर्ष लागेल, दीड वर्ष. बोटं पूर्वीसारखी होतील असं वचन देत नाही. पण पेशी जिवंत आहेत. तुम्ही वेळेवर उठलात."

"बाकीच्या उठल्या नाहीत. त्यांना वाटतं मीच पुरावा आहे, की सोल्यूशनने काही होत नाही."

तिने टाइपरायटर पुढे ओढला आणि कामगार निरीक्षकांना पत्र लिहायला बसली, माझ्यासमोर. दोन बोटांनी टाइप करते. माझ्याहून वाईट.

३० मे, मंगळवार

निरीक्षक आज आला. सेतिमियोने बस चौकात सोडली, प्रवाशांसकट, आणि मला सांगायला धावत आला. मग माझा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा काठीवर, असे आम्ही गॅरेजपर्यंत.

खिडक्या सताड उघड्या. दारात कुंडी! टेबलावर एकच चिमुकला डबा, मोठी पिंपं कुठे गेली देव जाणे. निरीक्षक तरुण, चष्म्याचा, हातात फॉर्म. बायका भिंतीला ओळीने उभ्या आणि तो प्रत्येकीला विचारतोय, "काही त्रास?"

"नाही."

"डोकं दुखतं?"

"नाही, साहेब. हवा छान आहे इथली." हे कोण म्हणालं? इओले. जिच्या हातून कप पडतात ती इओले. हात ॲप्रनच्या खिशात घालून.

ओरेस्ते मला बघून पुढे आला. "ही माझी बहीण, साहेब. हिच्या नसा ठीक नाहीत."

"बरोबर बोललास," मी म्हटलं. "माझ्या नसा ठीक नाहीत. मोजल्यात, एकोणतीस. साहेब, तुम्ही ह्यांना तोंडाने विचारू नका. जिभेची नस आखूड असते, ती शेवटपर्यंत चालते आणि खोटंही बोलते. यांच्या पायांना विचारा."

"म्हणजे काय करू?" तो खरंच गोंधळला होता बिचारा.

"टाचांवर उभ्या राहा म्हणावं. पंजे वर. पाच मोजेपर्यंत."

निरीक्षकाने चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "करून बघा ना. काय हरकत आहे?"

आधी दीर्चेने प्रयत्न केला. मानी मुलगी आहे. ओठ घट्ट मिटून अंग मागे टाकलं, पंजे उठलेच नाहीत, आणि ती धाडकन मशिनीवर आदळली. मग इओले. खिशातून हात काढून भिंत धरली, तरी नाही. मशिनीवरच्या चौघींपैकी तिघींना जमलं नाही. चौथीचा एक पंजा उठला, दुसरा नाही, आणि ती त्या न उठणाऱ्या पायाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिली. तिला माहीतच नव्हतं. तो पाय तिला काही कळवतच नव्हता, आणि कळवत नाही म्हणजे बरा आहे, असंच धरून चालली होती ती.

चौकातून सेतिमियोच्या प्रवाशांची शिवीगाळ ऐकू येत होती.

तेवढ्यात जिन्यावरून एल्विरा खाली आली. कुणी बोलावलं नव्हतं. ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली, चपला काढल्या, आणि टाचांवर उभी राहिली. पंजे वर, दहाही बोटं पसरलेली. निरीक्षक पाच मोजून थांबला तरी ती तशीच. रडत होती आणि तशीच उभी होती.

"ह्यांना जमतं," निरीक्षक लिहिता लिहिता म्हणाला. "ह्या कुठे बसतात?"

"वरच्या मजल्यावर," एल्विरा म्हणाली. "ह्यांनी मला उठवलं. नोव्हेंबरात."

ओरेस्तेने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१६ जून

गॅरेजला सील आहे. पंखे, धुरांडं बसवेपर्यंत बंद. दीर्चेचं लग्न पुढे ढकललंय, मुलाने मोडलेलं नाही, एवढं तरी. आता सहा घरं मला शिव्या देतात, आणि काय चूक आहे त्यांचं? मी त्यांची रोजी बंद पाडली आणि त्याबदल्यात काय दिलं? बातमी दिली, की तुम्ही आजारी आहात.

संध्याकाळी इओले आली. दरवाजा कोपराने ढकलून. खुर्चीत बसली. जाताना म्हणाली, "मला तुझा राग येतोय."

"ये ना मग मारायला."

"हात कुठे उचलतोय मेला. उद्या पण येईन."

आली.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

काठी एकच लागते आता. उजव्या पायाचा अंगठा सकाळी तसूभर उचलला जातो. बोटांना जमत नाही अजून.

ओरेस्तेने गॅरेज उघडलं. मोठा पंखा बसवलाय, निरीक्षकाने फोटो काढला. पण टेबलावर फक्त दोघी. मी म्हटलं, मग ऑर्डरी कोण पुरी करतं?

सेतिमियोने जेवता जेवता सांगितलं, न हसता. रोज सकाळी ओरेस्तेची व्हॅन त्याच्या बसच्या पुढे असते. खोऱ्याच्या खालच्या गावांत थांबत थांबत जाते. घराघरांत पिंपं उतरवतो, संध्याकाळी दुमडलेलं चामडं उचलतो. स्वयंपाकघरांत. तिथे कुठला निरीक्षक जातो?

मी ताट भिरकावलं. ह्या वेळी नेम लागला, भिंतीला.

११ ऑक्टोबर, बुधवार

सेतिमियोच्या पहिल्या बसने गेले. शेवटच्या थांब्यावर तो म्हणाला, "दोन वाजता परत येतो. भांडण झालं तर तोवर टिकव." 

पहिल्या दोन घरांनी दार लावून घेतलं. तिसऱ्या घराचा वास अंगणातच आला. पंचविशीतली बाई, तिचं नाव मिरेल्ला. स्वयंपाकघराचं टेबल, त्यावर डबा, ब्रश, चामड्याची चळत. खिडकी बंद, काचेवर वाफ. टेबलाखाली तिचं रांगतं मूल कात्रणांशी खेळत होतं.

"तुम्ही ओरेस्तेच्या बहीण ना?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलंय. तुम्ही येऊन घाबरवाल म्हणून."

"आधी खिडकी उघड. मग घाबरवते."

"थंडीने सोल्यूशन पांढरं पडतं."

"पडू दे."

"पडू दे? आणि माल परत आला तर तुम्ही भरणार? नवरा बेल्जियमला खाणीत आहे, चार महिने पत्र नाही. हे काम सोडून मी काय खाऊ, सांगा ना! तुमच्या गॅरेजातल्या बायका काय खातायत?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नाही. ते मूल खोकलं.

मग मी स्वतःच उठले आणि खिडकीकडे गेले. कडी जुनी, घट्ट. बोटांनी धरली, सुटली. पुन्हा धरली, सुटली. तिसऱ्यांदा दोन्ही हात लावले तरी बोटं नुसती कडीवरून घसरत होती. मिरेल्ला मागे उभी राहून बघत होती. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"सरका," ती म्हणाली. पुढे आली आणि कडी वर ढकलली. बोटांनी नाही. मनगटाने.

कडी उघडली. आम्ही दोघी तिच्या हाताकडे बघत राहिलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने खिडकी सताड उघडली, मुलाला टेबलाखालून ओढून कडेवर घेतलं आणि गार हवेत तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बसा. सांगते."